घराशी थांबणारी आग

आमच्या ऑफिसात फोटोत आग दिसली की सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हा काकांचा नियम. आणि आमच्याकडे फोटोत आगच असायची, दुसरं काही नसायचंच. म्हणजे विचार करा.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं ऑफिस. खाली लोखंडी रॅक बनवणाऱ्यांचा गाळा, दिवसभर ग्राइंडरचा आवाज, आणि वर आम्ही. जगभरातल्या वणव्यांचे फोटो आमच्याकडे यायचे. कुठल्या देशातले, कुठल्या डोंगरावरचे, काही सांगायचे नाहीत. आपण माउसने आगीच्या कडेकडेने टिंबं टाकत जायचं, टिंबं जोडली की आगीची आकृती तयार व्हायची, तिच्यात लाल रंग भरायचा. धुराला राखाडी. असे ढिगाने फोटो मशीनला दाखवले की मशीन शिकतं, आणि मग टेकडीवर लावलेला कॅमेरा आपल्या आपण ओळखतो की आग लागली आणि ती कुठवर आली. काम सांगायला सोपं, करायला डोळ्यांची वाट लावणारं. शेजारच्या बायका विचारायच्या, मुलगी काय करते, तर आई सरळ सांगायची, "कॉम्प्युटरवर आगी लावते."

काका आमच्यात सगळ्यात मोठे. पन्नाशी कधीच ओलांडलेली. बाकी आम्ही सगळे पोरंपोरी. ते आधी त्याच इस्टेटमधल्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये होते, लग्नपत्रिकांवरच्या नवरा-नवरीच्या फोटोमागचे पडदे-खुर्च्या कापून काढायचे. प्रेस बंद पडली तशी एक जिना चढून आमच्याकडे आले. गाव मालवणाकडचं. मुंबईत जन्म गेला तरी राग आला, भीती वाटली किंवा फार लाड आले की तोंडातून मालवणीच निघायची. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

सकाळी आल्यावर पहिला फोटो उघडला की काका खुर्चीतून उठायचे. चपला काढायचे. हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचे, गावच्या देवळात घालतात तसं.

"बा देवा म्हाराजा, तू जो कोण ह्या रानाचो राखणदार असशीत, तुझ्या रानाक आज ही आग लागली आसा. ज्या कोणाच्या चुकीन लागली असात त्येका माफ कर, आणि ह्या डाव्या हाताक जा पत्र्याचा घर दिसता, ता राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडायचो. खालच्या रॅकवाल्यांनाही ऐकू जायचं.

मी पहिल्या दिवशी गप्प बसले. आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धमूर्ती आहे, आणि असल्या गोष्टींचा मला मनापासून कंटाळा. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तुका देव नको तर नको. पण घर जळता मा ता? मग घरासाठी म्हण." दुसऱ्या दिवसापासून मीही म्हणायला लागले. आणि खोटं कशाला बोलू, म्हणून झाल्यावर बरं वाटायचं.

मी गोवंडीची. कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या इतक्या जवळची की धूर आमच्याकडे पाहुणा नाही, घरचाच. लहानपणापासून खोकते. काकांना हे कळल्यापासून सकाळी माझं स्वागत ठरलेलं, "आज धूर होतो काय गो?" हो म्हटलं की त्यांचा चेहरा असा पडायचा की जणू मीच पेटवून आलेय. मी चिडायचे. म्हणायचे, "काका, रोजचंच आहे ते, तुम्ही काय टेन्शन घेता?" ते म्हणायचे, "रोजचो म्हणान काय तो धूर नाय?" आणि बॅगेतून खडीसाखरेचा खडा काढून द्यायचे.

माणूस विक्षिप्त होता, त्यात शंकाच नाही. इस्टेटच्या गेटजवळच्या टपरीवर चहाला जायचो तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष सिगरेट ओढणाऱ्यांवर. कुणी थोटूक टाकलं की काका उठून जायचे, त्याच्यावर आपल्या ग्लासातला उरलेला चहा ओतायचे आणि वर चपलेने चिरडायचे. खाली डांबर, बाजूला गटार, गवताचं एक पातं नाही, पेटणार काय? एकदा आमच्या मॅनेजरने सिगरेट पायरीच्या कठड्यावर ठेवली होती, फोन घ्यायला. अर्धी शिल्लक होती. काकांनी तीही विझवली. मॅनेजर बोरिवलीचा, बिचारा वयाने काकांच्या भाच्याएवढा. तो म्हणाला, "काका, ती चालू होती ना!" तर काका म्हणाले, "म्हणानच इझयलंय."

शिवीसुद्धा त्यांची वेगळी. कुणाचं काम ढिसाळ असलं की म्हणायचे, "ह्येच्या दारात गवत वाढलेला असतला." आम्हाला आधी कळायचं नाही की यात एवढं वाईट काय. मग त्यांनीच सांगितलं. कोकणात पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं. थंडी सरली की वाळून कडकडीत होतं. कुणीतरी शेत भाजायला पालापाचोळ्याचा राब जाळतं, कुणी विडी टाकतं, आणि सगळा डोंगर पेटत खाली येतो. म्हणून शहाणा माणूस माघातच घराभोवतीचं, कलमांभोवतीचं गवत कापून दोन-चार हात रुंद पट्टा उघडा करतो. जाळरेषा म्हणतात त्याला. आग तिथवर येते, खायला काही मिळत नाही, थांबते. ज्याच्या दारात गवत तो माणूस आळशी, आणि आळशी माणूस नुसता स्वतःचं घर घालवत नाही, वाडीचं घालवतो.

दर माघात काका रजा घ्यायचे. गावी त्यांची वहिनी एकटी राहायची, तिच्या घराभोवतीची जाळरेषा काढायला. परत यायचे ते उन्हाने करपून, हातावर ओरखडेच ओरखडे, आणि आमच्यासाठी पिशवीभर मालवणी खाजं. त्या आठवड्यात त्यांच्याइतका खूश माणूस अख्ख्या मरोळमध्ये नसेल.

एरवी ते रोज दुपारी डबा उघडायच्या आधी वहिनीला फोन लावायचे. सगळ्यांसमोर, स्पीकरवर, कारण कानाने जरा कमी ऐकू यायचं.

"वयनी, धूर दिसता काय?"

"नाय."

"वारो?"

"हा थोडो."

"जेवलास?"

"जेवतंय आता."

एवढंच. मग डबा. मी एकदा म्हटलं, "काका, त्यांना घेऊन या ना इकडे. खोली आहे तुमची, एकटेच तर असता."

"येवची नाय ती," ते म्हणाले. "माझ्या भावाचा घर ता. ती सोडूची नाय."

आता एका फटीची गोष्ट. माझं काम होतं तपासणीचं. बाकीच्यांनी काढलेल्या आकृत्या मोठ्या करून बघायच्या, चुकलंय तिथे दुरुस्त करायचं. काकांचं काम बघताना सुरुवातीला मी खूश व्हायचे. प्रेसमधला हात, झाडाच्या फांदीफांदीतून आग बरोबर वेगळी काढायचे. मग एके दिवशी लक्षात आलं की आग घराजवळ आली की यांची रेघ जरा अलीकडेच थांबते. ज्वाळा भिंतीला चाटतेय, छप्पर पेटलंय, आणि काकांची लाल आकृती घरापासून बोटभर दूर. आधी वाटलं, नजर कमी झाली असेल. पण एखाद्याच घराशी चूक आहे असं नव्हतं. प्रत्येक घराशी तीच. झोपडी असो, बंगला असो, गोठा असो. घराभोवती सगळीकडून एक फट.

मी त्यांच्या खुर्चीशी गेले. "काका, हे काय आहे?"

त्यांनी बघितलं. चोरी पकडल्यासारखं नाही, उलट मला कसं कळत नाही असं बघितलं. "जाळरेषा काढलंय."

"अहो, फोटोत?"

"मग? लागाक देऊ काय?"

"काका, ते घर जळून गेलंय. केव्हाच. आता तुम्ही रेघ कुठेही काढा."

"गेला असात," ते म्हणाले. "माझ्या हातान तरी नको."

मी वैतागले. ओरडले सुद्धा असेन. पण वर सांगितलं नाही. त्यांचे फोटो माझ्याकडे आले की मी ती फट भरायचे. चार टिंबं उचलायची आणि छपरावर नेऊन ठेवायची. दिवसभर लोकांच्या घरांना आग लावत बसल्यासारखं वाटायचं, आणि त्याचा राग मला काकांचाच यायचा. स्वतः साधू राहतात आणि पाप माझ्या गळ्यात.

भावाचं काय झालं ते त्यांनी मला, मी ती फट पकडली त्याच दिवशी, घरी निघताना सांगितलं, मेट्रोच्या जिन्याखाली उभं राहून. जाळरेषा काढायला आधीपासून तेच जायचे, कारण भावाला गुडघ्याचा त्रास. एका वर्षी लग्नसराईत प्रेसने सोडलं नाही. भाऊ फोनवर म्हणाला, असू दे, एक वर्ष नाही केलं तर काय होतंय. वणवा आला. भाऊ हिरव्या फांद्यांचे टाळ घेऊन आग झोडपायला गेला आणि धुरात पडला. घर वाचलं, घरापुढची काजूची झाडं गेली आणि भाऊ गेला. "भाजलो पण नाय फारसो," काका म्हणाले. "धुरान गेलो." मग मला म्हणाले, "तू जा. तुझो धूर वाट बघता असतलो." हे असलं बोलून हसायचे. मला नाही हसू आलं.

पुढच्या हिवाळ्यात क्लायंटचा मेल आला. मशीन शिकून तयार झालं होतं आणि त्यांनी ते तपासून बघितलं होतं. रानातली आग मशीन बरोबर धरतं, म्हणे, पण आग घराला भिडली की चुकतं. घर पेटलेलं असलं तरी आग अलीकडेच थांबली असं दाखवतं. माझ्याकडे आलेले फोटो मी दुरुस्त केले होते, पण सगळे माझ्याकडे येत नव्हते. बाकीचे तसेच गेले होते, काकांच्या फटींसकट.

मॅनेजरने काकांना बोलावलं. ओरडला नाही, चांगला पोरगा आहे तो. पण समजावून तर सांगावंच लागणार होतं.

काकांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे कॅमेऱ्याक घर जळताना दिसाचा नाय?"

"नाही ना काका. त्याला वाटणार घर वाचलंय."

"मग बंबवाले?"

"कॅमेऱ्याने सांगितलं तर येणार ना ते."

काका आमच्या सगळ्यांकडे बघून म्हणाले, "म्हणजे मी घरां राखीत नाय हुतंय. मी ती जळाक देत हुतंय." मॅनेजर घाईघाईने म्हणाला, अहो अजून कॅमेरे कुठे लागलेत, टेस्टिंगच आहे, कुणाचं काही झालेलं नाही. पण काकांना ऐकू गेलं की नाही देव जाणे. स्पीकर नव्हता तिथे.

माघ लागला होता. रजा मंजूर होती, गाडीचं तिकीट काढलेलं होतं. मॅनेजर म्हणाला, तुम्ही जाऊन या काका, आम्ही सगळे मिळून फोटो सुधारतो. मी तर हात जोडले. "जा ना हो! मला सवय आहे त्या फटी भरायची. झोपेत भरेन." काकांनी तिकीट रद्द केलं. "माझी चूक ती मीच निस्तरतलंय," एवढंच म्हणाले. हट्टी माणसाला किती सांगायचं? सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

मग ते सुरू झालं. एकेक जुना फोटो उघडायचा, फटीतली टिंबं उचलायची आणि आग घरावर न्यायची. दारातून आत, कौलांवर, अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मला चार टिंबं लागायची, त्यांना अर्धा तास लागायचा. गाऱ्हाणं बंद झालं. एका सकाळी कुणीतरी मागून म्हणालं, "काका, आज म्हाराजा नाही?" तर म्हणाले, "खंयच्या तोंडान सांगू?" त्यानंतर कुणी विषय काढला नाही. ऑफिसात नुसता खालच्या ग्राइंडरचा आवाज. इतकं सुतकी वातावरण की मला सकाळी जिना चढायचं जिवावर यायचं.

माघ गेला. शिमगा गेला. दुपारचा फोन आता दोनदा व्हायला लागला.

"वयनी, धूर?"

"नाय ओ भावजी."

"गवत केवढा झाला?"

"आसा तसाच आसा."

"कोण गडी गावता काय बघ कापूक."

"बघतंय." पण गडी कुठून मिळणार? वाडीत बाकी घरांना कुलपं. माणसं सगळी इकडेच, मुंबईत. काका फोन ठेवायचे आणि खिडकीकडे बघत बसायचे, डबा तसाच. खिडकीतून दिसायचं काय, तर समोरच्या गाळ्याचा पत्रा आणि मेट्रोचा खांब.

गुढीपाडवा झाल्यावर शेवटचा फोटो संपला. काकांनी मॅनेजरला सांगितलं, मला सांगितलं, "आता एकाव घराशी फट नाय. तपासून घे." मी तपासून घेतलं. एकाही घराशी नव्हती. त्याच संध्याकाळी ते एसटीने गेले. मी म्हटलं होतं, आता ऊन बघा काय आहे, सकाळचं सकाळी कापा, दुपारी सावलीत बसा. "व्हय गो," म्हणाले. त्यांचं 'व्हय' म्हणजे 'नाही', हे मला तोवर कळायला हवं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. काका गेले. दुपारी गवत कापत होते. वहिनीने पेज घ्यायला हाक मारली तर म्हणाले, हेवढो तुकडो करून येतंय. आले नाहीत. ती बघायला गेली तर दगडी गडग्याला पाठ टेकून बसलेले, हातात विळा तसाच. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मला तेव्हा फक्त राग आला. मरोळमध्ये एसीत बसून कामं करणारा माणूस, चैत्रातल्या दुपारी गवत कापायला जातो! कुणी सांगितलं होतं? मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन फोटो तपासायला बसले. काय करणार?

दोनएक महिन्यांनी कळलं की वहिनी काकांच्या खोलीत राहायला आलीय. मी एका सुट्टीच्या दिवशी गेले. मरोळच्या आतल्या गल्लीतली चाळ, वरच्या मजल्यावर खोली. वहिनी लहानखुरी, पांढऱ्या केसांची, आवाज फोनवरच्याइतकाच हळू. मला बघून म्हणाली, "तू गोवंडीची मा? भावजी सांगीत, आमच्या हापिसात एक धुरातली बाय आसा, रागीट आसा पण बरी आसा."

चहा झाला. मी विचारलं, "मग आता इथेच राहणार?"

"व्हय. रवतलंय."

"काका म्हणायचे, तुम्ही गावचं घर सोडायला तयारच नाही."

"असा म्हणत?"

"नेहमी म्हणायचे."

"माका काय त्या घराचा गो?" ती म्हणाली. "थंय माझो घोव गेलो. रातीची खिडकी उघडूक भिती वाटा. त्येंचे दिवसकार्य झाले तेव्हाच मी पिशी भरलेली, म्हटला भावजींका सांगूया, माका मुंबयक न्या. तर ह्ये आपले दारात इले, हातात ईळो, आणि ल्हान पोरासारखे रडाक लागले. म्हणाले, वयनी, ह्या वर्साक चुकलंय, आता जीव गेलो तरी तुझा घर राखतलंय. आता असा म्हणणाऱ्याक कसा सांगू, माका हंय रवाचाच नाय म्हणान?"

"मग नंतर? नंतर तरी सांगायचं."

"येयत, गवत काढीत, आणि मग पेज जेवाक बसत. तेव्हा त्येंच्या तोंडार असा बरा वाटा. वर्साक एकदा. म्हटला, रवाया आपण. आपला काय जाता?"

खाली गल्लीत कुणीतरी रिक्षाला शिव्या घालत होतं. वहिनीने माझा रिकामा कप उचलला, मग परत खाली ठेवला.

"औंदा वणवो इलोच नाय गो," ती म्हणाली. "खंय धूर पण दिसाक नाय."

मी काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. तिने मान हलवली.

"तुका सांगतंय आता ह्या सगळा," ती म्हणाली. "त्येंका सांगूक व्हया हुता."